सात रिकामी खोकी

१

इन्सुलिनच्या शिशीचं खोकं हातात घेतलं की त्याला वजन असतं. फार नाही, चिमणीच्या पिल्लाएवढं, पण असतं. त्या बुधवारी सकाळी पांढुर्ण्याच्या सेवा दवाखान्यात करुणासिस्टरने फ्रिजच्या अगदी मागच्या रांगेतलं खोकं उचललं आणि तिचा हात वीतभर जास्तच वर गेला. झाकण जसंच्या तसं बंद, आत नुसती हवा. शेजारचं उचललं, तेही तसंच. अशी सात खोकी निघाली. सातही रिकामी, आणि शाळेत साहेब तपासणीला यायचे असल्यासारखी रांगेत ताठ उभी.

करुणाने ट्रस्टच्या सचिवांना लगेच खरं सांगून टाकलं आणि फसली. मग तिने सौंसरला श्रावण बागडेंना फोन लावला.

"काका, तुमी निघा. फ्रिजात चोरी झाली."

"तापमान किती आहे?"

"तापमान ठीक आहे हो! माल गेला."

"मंग दार बंद ठेव. मी येऊनच राहिलो."

श्रावण बागडे म्हणजे चौतीस वर्षं लसींच्या थंड्या पेट्या सांभाळलेला माणूस. एका मे महिन्यात त्यांनी पोलिओची पेटी बैलगाडीतून रामाकोन्याला नेली, आणि पेटी परत आली तेव्हा तिच्यात नेल्यापेक्षा वाटीभर बर्फ जास्त होता. खोटं वाटत असेल त्याने रामाकोन्यात जाऊन विचारावं. गाडीवान वारला, बैल त्याच्याही आधी गेले, पण विचारून पाहायला हरकत नाही. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, मुलगी पुण्याला स्थिरावली. तेव्हापासून श्रावणजी घरच्या फ्रिजला थर्मामीटर लावून दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहीत. आत असायचं काय? पावशेर दूध आणि अर्धं लिंबू. पण त्या लिंबाने आयुष्यात कधी आठ डिग्रीचं तोंड पाहिलं नाही. फोन वाजला की ते दुसऱ्या घंटीच्या आत उचलत, कारण तिसरी घंटी वाजेपर्यंत लोक विचार बदलतात असा त्यांचा अनुभव होता.

दुपारी ते पांढुर्ण्यात उतरले तेव्हा करुणाचे डोळे सुजले होते.

"सचिवसाहेब म्हणतेत, चोर घरातलाच आहे. माझ्या घरी इन्सुलिन घेणारी पोरगी, म्हून पहिलं बोट माझ्यावर. शनिवारपर्यंत चोर नाही सापडला तर सोमवारचं सुप्रियाचं ऑपरेशन रद्द. तिचं नावच काटतो म्हणतेत."

"पिशवीचं ऑपरेशन?"

"हो ना काका. सुई सुटणार होती तिची. दोन वर्षं झाली वाट पाहून राहिली थे."

श्रावणजींनी फ्रिज उघडला. थंडगार वास आला आणि त्यांना क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांनी सातही खोकी बोटाने टिचकी मारून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. लसींचा आणि इन्सुलिनचा कायदा एकच: जुना माल पुढे, नवा मागे, वापर पुढून करायचा. मागची रांग मार्चपर्यंत कोणी हलवली नसती. महिन्याची मोजणी खोकी बघूनच व्हायची.

"करुणा," ते म्हणाले, "चोराले फ्रिजचा कायदा पाठ आहे."

२

खोली लहानशी. फ्रिज, पलंग, एक खुर्ची, आणि ऑक्सिजनचं उंच नळकांडं. फ्रिजची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला. हे गुपित पांढुर्णा जिल्हा व्हायच्या आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. श्रावणजींनी खुर्ची दाराशी ओढली आणि एकेकाला बोलावलं.

पहिले आले नत्थूजी, पहारेकरी. तोंडात काहीतरी होतं.

"नत्थूजी, शुगर आहे म्हणते तुम्हाले?"

"आहे ना जी. पण मी गोळीवर आहो."

"अन् तोंडात?"

"तीळगूळ. संक्रांत जवळ आली, चाखून पाहून राहिलो."

"इन्सुलिन घेता का?"

"सुई?" नत्थूजींनी दोन पावलं मागे घेतली. "कोरोनाची लस टोचली तवा मले चार जणांनी धरलं होतं जी. पाचवा मी सोता."

या खोलीत कोण कोण बसतं असं विचारल्यावर त्यांनी बोटांवर नावं मोजली. करुणासिस्टर, औषधं देणारा गजेंद्र, रोज सकाळी आठला भूपेंद्र धोटे, आणि रविवारी त्याच्यासोबत सावरगावची चंद्रकलाबाई.

गजेंद्र आला तो चिडलेलाच. तिशीचा, केस चापून बसवलेले. त्याच्या धाकट्या बहिणीचं, प्रणालीचं, लग्न ठरत होतं, आणि ती महिन्याभरापूर्वी बाजारात चक्कर येऊन पडल्याची बातमी नत्थूजींनी जाता जाता श्रावणजींच्या कानात टाकली होती.

"घरी कोणाले शुगर आहे का बाबू?"

"तुमाले नत्थूजीनं सांगतलं ना? मले माहीत होतं!" गजेंद्रने खिशातून मोबाइल काढून समोर धरला. "हे पाहा. प्रणालीचा रिपोर्ट. आजकाल पोराकडचे पत्रिकेसंगं शुगरचाही रिपोर्ट मागतेत. नॉर्मल आहे. रक्त कमी आहे, म्हून पडली. आता गावभर सांगा."

"नाही सांगत. तूच सांगून राहिला, बाहेर नत्थूजी उभे आहेत."

गजेंद्रने दाराकडे पाहिलं. नत्थूजी खरंच उभे होते, आणि आकाशाकडे बघत होते.

करुणाची मुलगी सुप्रिया कॉलेजातून परस्पर आली. एकोणीस वर्षांची, आईचा चेहरा आणि कोणाची माहीत नाही अशी जीभ.

"काका, मी चोर असती तर पेनात बसते थे नळी चोरली असती. मी पेन वापरते. शिशी नेऊन काय तिच्यात फुलं लावू?"

"आधी शिशीच होती ना तुझी?"

"लहान होती तवा. थे लय बेकार. टोचल्यावर अर्धा तास ताटासमोर बसा. वरणावर साय येऊन जाय, तरी घास नाही." ती पलंगाच्या कडेवर बसली. आवाज जरा खाली आला. "सोमवारनंतर मी लग्नात जाईन अन् पहिल्या पंगतीत बसीन. घड्याळ काढून ठेवीन. लहानपणापासून पाहून राहिली थे."

श्रावणजींनी मान हलवली. त्यांना पोरीला काहीतरी धीराचं सांगायचं होतं, पण पेट्यांशी बोलण्यात आयुष्य गेलेला माणूस, तोंडातून निघालं ते एवढंच, "पेन आठ डिग्रीच्या खाली ठेवत जा."

३

गुरुवारी सकाळी आठला भूपेंद्र धोटे आला, तेव्हा श्रावणजी खुर्चीवर आधीच बसलेले होते.

भूपेंद्र हा गावाचा लाडका पेशंट. बेचाळीस वर्षांचा, सौंसर रस्त्यावर संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका, घरात एकटा. नवव्या वर्षी शुगर निघाली. त्या सुईपायी लग्न जुळलं नाही आणि आई-बापही एकेक करून गेले. सव्वा वर्षापूर्वी नागपूरच्या डॉक्टर अनुराधांनी त्याच्या बरगडीखाली बिस्किटाएवढी पिशवी बसवली. तिच्यात माणसाच्या, इन्सुलिन करणाऱ्या जिवंत पेशी. परक्याच्या पेशी शरीरात घातल्या तर रक्तातले शिपाई त्यांना मारतात. म्हणून इतरांना शिपाईच झोपवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. या पिशवीच्या कातड्याची छिद्रं इतकी बारीक की साखर आत जावी, इन्सुलिन बाहेर यावं, शिपाई मात्र दारातच अडकावा. गोळ्या नकोत, सुई नको. कोंडलेल्या पेशींना श्वास मात्र लागतो, म्हणून रोज सकाळी पोटावरच्या बटणातून ऑक्सिजन भरायचा.

पेशी होत्या सागरच्या. चंद्रकलाबाईचा एकुलता एक, तेवीस वर्षांचा, मोटारसायकलवरून परतताना ट्रकखाली गेलेला. दात्याचं नाव गुप्त राहायला हवं होतं, पण दोन्ही गावांच्या मधून नुसती जाम नदी वाहते, आणि नदीने आजवर कुठलंच गुपित अडवलेलं नाही. प्रजासत्ताक दिनाला दोघांचा एकाच स्टेजवर सत्कार झाला. भूपेंद्रने सगळ्यांसमोर दोन जिलब्या खाल्ल्या आणि दंडाला चिकटवलेल्या पट्टीने, जिचे आकडे रोज डॉक्टरांकडेही जात, शुगर सांगितली एकशे वीस. टाळ्या पडल्या. बौद्ध पोराच्या पेशी कुणब्याच्या पोटात नांदत होत्या, आणि आडनाव विचारल्याशिवाय पाणी न देणारी दोन-चार माणसंही त्या दिवशी टाळ्या वाजवत होती.

"काका, सापडला का चोर?" पलंगावर आडवा होत भूपेंद्रने विचारलं.

"सापडून राहिला."

"करुणाताईचं नाव घेणाऱ्याच्या तोंडात किडे पडो." हे म्हणताना तो भिंतीकडे बघत होता.

करुणाने नळी जोडली. हवा सूं करत आत गेली. भरायला वीस मिनिटं लागत. पुढच्या रांगेतली एक शिशी करुणाने पेशंटसाठी काढली, मागचं खोकं पुढे सरकवलं, आणि भूपेंद्रच्या डोळ्यांनी तिच्या हाताचा तो सगळा प्रवास पाहिला. रोज पाहत असणार. त्या खोलीत बघायला दुसरं होतं तरी काय?

तो गेल्यावर श्रावणजींनी रिकाम्या खोक्याच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलं. सगळी खोकी उचलून मोजणी झाली होती दिवाळीला. तेव्हापासून अडीच महिने. शिश्या सात. म्हणजे अकरा दिवसांना एक.

"करुणा, एका माणसाले एक शिशी किती दिस पुरते?"

"दहा-अकरा दिवस."

"म्हणजे विकली नाही. एकच माणूस, रोज टोचून राहिला." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "अन् इथं इन्सुलिन मिळते कसं?"

"कार्ड दाखवलं का फुकट."

"फुकट मिळते थे चोरते कोण?"

विचारता विचारताच श्रावणजींना उत्तर सुचलं होतं. चोरतो तो, ज्याला ते मागता येत नाही. ते सुचल्याबरोबर त्यांना आपण सौंसरहून आलोच नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

४

दुपारी ते पूल ओलांडून सावरगावला गेले. चंद्रकलाबाई दारात तूर पाखडत होती. पन्नाशीची, हाडं रुंद, बोलणं मोठ्याने. एकटं राहणाऱ्याला भिंतीपर्यंत आवाज पोचवायची सवय लागते, ती तिला लागली होती.

"या भाऊ! चोर शोधून राहिले म्हणे? मी रविवारी बसते ना त्या खोलीत. तपासा मले. सूप पण तपासा."

"चहा पाज आधी."

चहा आला. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी सागरचा फोटो होता, हसरा, कॉलर वर केलेली. श्रावणजींनी कप हातात धरून विचारलं, "रविवारी काय करता तुमी दोघं?"

"काय करणार? आठले हवा भरतो. मंग मी त्याच्या वाडीत जाते, डबा घेऊन. जेवण होते. मंग थो पलंगावर पडते अन् मी हात ठेवते." तिने स्वतःच्या बरगडीखाली तळवा ठेवून दाखवला. "इथं. ऊब लागते भाऊ. डाक्टरीणबाई म्हणे, पेशी म्हणजे जिवंतच असते. म्हटलं, बस. मले तेवढंच पुरते. सहा दिवस मी कोणाशी बोलत नाही, रविवारसाठी ठेवते."

श्रावणजींचं चहा प्यायचं राहून गेलं. सहा दिवसांचं ते काय असतं, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"थो जेवते का नीट?"

"जेवते ना. पण आता नखरे वाढले बाप्पा. आधी डबा उघडला का हात घाले, भाकर गरम पाहिजे त्याले. दिवाळीपासून ताट वाढलं का झाकून ठेवते. 'माय, थांब जरा' म्हणते अन् जाते पाण्याच्या टाकीमांगं. येते, बसते, घड्याळ पाहते. अर्ध्या तासानं पहिला घास. तोवर माझी भाकर कडक." ती हसली. "मले वाटते, सागरच्या नावानं काही म्हणत असन मनात. मी विचारत नाही. पोरगं लाजते."

कप खाली ठेवताना श्रावणजींच्या हातून चहा सांडला.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही," ते म्हणाले. "लय गरम होता."

चहा केव्हाचा निवला होता, आणि थंड-गरम ओळखण्यात आयुष्यात पहिल्यांदाच श्रावण बागडे खोटं बोलले होते. बैलगाडीतला बर्फ सोडून.

५

शुक्रवारी सकाळी ते स्टँडवरून चार गरम आलूबोंडे कागदात बांधून रोपवाटिकेत पोचले. भूपेंद्र उकिडवा बसून कलमं बांधत होता. जंभेरी म्हणजे काटेरी आंबट लिंबू; तिच्या खोडाला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वर पट्टी. हात इतका हलका की झाडाला कळूही नये.

"घे बाबू. कढईतून काढून आणले."

"ठेवा ना काका. हात धुतो, मंग खातो."

हात धुवून तो आला, पण खाल्लं नाही. बोंडे निवत चालले. श्रावणजींनी एक उचलून खाल्ला, दुसरा खाल्ला. भूपेंद्र एकदा टाकीमागे जाऊन आला. मग बसून घड्याळाकडे बघू लागला.

श्रावणजी उठून रोपांच्या ओळीतून चालू लागले. एका ओळीशी थांबले. पाचपन्नास रोपं, हिरवीगार.

"ही लागली का सारी?"

"नाही जी. थे तर जंभेरीच फुटली. वरचा डोळा वाळला, खालून आपली पानं काढली तिनं. काटे पाहा ना."

"लांबून नाही कळत."

"घेणाऱ्याले नाही कळत. बांधणाऱ्याले कळते."

"तुले कधी कळलं?"

भूपेंद्रच्या हातातला चाकू थांबला. रस्त्यावरून एक ट्रक संत्री घेऊन गेला.

"दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. मायनं करंज्या आणल्या होत्या. दंडाची पट्टी बदलायची म्हून काढली होती. संध्याकाळी तोंड कोरडं पडलं, तहान तहान. थे तहान मले नवव्या वर्षापासून ओळखू येते. जुनं मीटर काढलं. तीनशे ऐंशी." त्याने चाकू मातीत खुपसला. "जुनी शिशी होती घरात. टोचली, अन् दुसऱ्या दिवशी पट्टी लावली. कोणाले काही दिसलं नाही."

"डाक्टरीणबाईले सांगायचं ना."

"अन् मायले?"

श्रावणजींनी उरलेले बोंडे कागदात झाकले.

"काका, त्या रविवारी थे आली. हात ठेवला. म्हणे, आज जास्त ऊब आहे, खुश दिसते पोरगा. आता तुमीच सांगा. सागर एकदा मेला, तवा तिले ट्रकवाल्यानं सांगतलं नाही, पोलिसानं सांगतलं. दुसऱ्यांदा मेला, थे कोण सांगन? मी? जो त्याले पोटात घेऊन बसला?"

"म्हून शिश्या चोरल्या."

"दुकानात गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत सावरगावात पोचली असती बातमी. फोटो आला ना माझा पेपरात. नागपूरहून एकदा आणल्या दोन, बसमधे ऑक्टोबरच्या उन्हात गरम झाल्या, कामच नाही केलं त्यांनी." तो ओशाळून हसला. "पाहा, तुमच्याच खात्यातली गोष्ट. मंग त्या फ्रिजापाशी रोज बसून राहिलो होतोच. किल्ली खिळ्याले, अन् करुणाताई नळी लावून बाहेर जाय. रक्ताच्या तपासणीले दोन वेळा टाळलं, कलमांचा हंगाम आहे म्हटलं. थे टरफलाची तपासणी."

"कायचं टरफल?"

"पेशीनं इन्सुलिन केलं का त्याच्यासंगं आणखी एक तुकडा सुटते. सी-पेप्टाइड म्हणतेत. शेंग फोडली का टरफल निघते, तसं. शिशीतलं इन्सुलिन सोललेलं येते, टरफल नसते. म्हणजे रक्तात टरफल नाही तर पिशवी मेली. डाक्टरीणबाईनंच सांगतलं होतं."

श्रावणजी त्याच्यासमोर मातीत बसले. गुडघे कडकडले.

"भूपेंद्र, सोमवारी सुप्रियाले तीच पिशवी बसणार आहे."

"तिची वेगळी आहे. पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आहेत तिच्या."

"पेशी वेगळ्या. पिशवी तीच. तुझी मेली काहून? पेशी मेल्या, का पिशवीनं मारल्या? माहीत आहे तुले?"

"नाही."

"मले नाही, तुले नाही, डाक्टरलेही नाही. थे तुझा चांगला आकडा पाहून पोरीचं पोट कापून राहिले. अन् तू गप्प राहिला तर करुणा चोर ठरते, पोरीचं नाव कटते. तू बोलला तर ऑपरेशनच थांबते." ते जरा थांबले. "मी आलो होतो पोरीचा सोमवार वाचवाले. आता दोन्हीकडून जाते थो."

भूपेंद्रने आलूबोंड्याकडे पाहिलं. अर्धा तास होऊन गेला होता. त्याने तो उचलला नाही, मोबाइल उचलला.

६

डॉक्टर अनुराधा शनिवारी स्वतः आल्या. रक्त घेतलं, बरोबर नेलं. सायंकाळी फोन आला: टरफल नाही.

"त्याची सरासरी चांगली होती," त्या फोनवर म्हणाल्या, आणि आवाजात लाज होती. "आम्ही सरासरीच बघत राहिलो. रोजची रेघ कोणी नीट पाहिली असती तर दिवाळीनंतर तिच्यात डोंगर दिसले असते. सुप्रियाचं ऑपरेशन मी थांबवते आहे. सोमवारी त्याच वेळेला भूपेंद्रची पिशवी काढू."

सचिवसाहेबांनी करुणाची माफी मागितली, नत्थूजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. करुणाने ती ऐकून घेतली आणि श्रावणजींकडे बघितलं नाही. सुप्रियाच बोलली.

"वा काका. चोर तर मस्त पकडला. माझा नंबर पण पकडून नेला संगं."

"गेला नाही बेटा. सरकला."

"किती?"

"माहीत नाही."

"खरं बोलले, तेवढं बरं," ती म्हणाली, आणि पेन घेऊन आत गेली.

सावरगावला भूपेंद्र एकटाच गेला. तिथे काय झालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. पण चंद्रकलाबाईचा आवाज पुलाच्या अलीकडे ऐकू आला असं पुलावरचे लोक सांगतात. त्या लोकांवर फार विश्वास ठेवू नये, तरी एक वाक्य सगळ्यांनी सारखंच सांगितलं: "माझ्याकडून रिकाम्या पेटीवर हात ठेवून घेतला तू!" रविवारी ती आली नाही. भूपेंद्रने हवा भरायलाही यायचं कारण उरलं नव्हतं. तो दिवसभर कलमं बांधत बसला.

सोमवारी नागपूरच्या दवाखान्यात फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं. भूपेंद्रने श्रावणजींकडे पाहिलं. श्रावणजींनी नातं या रकान्यात 'ओळखीचे' असं लिहिलं आणि सही केली.

तासाभराने डॉक्टर अनुराधा एक झाकणाची काचेची डबी घेऊन बाहेर आल्या. पिशवीवर पांढुरकं पापुद्र्यासारखं काहीतरी चढलं होतं, दुधावर साय धरते तसं.

"शिपाई आत शिरले नाहीत," त्या म्हणाल्या. "गोळ्या न देताही पिशवीने त्यांना अडवलं. पण शरीराने तिच्याभोवती स्वतःचीच भिंत बांधली. हवा आपण भरत होतो, पण रक्तातून अन्न आत जाईना; आतल्या पेशी उपाशी मेल्या असाव्यात."

"थे माझं आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोळाच्या टोकाशी चंद्रकलाबाई उभी होती, धुतलेलं पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. पहाटेच्या बसने आली असणार.

"माझ्या पोराचं आहे थे. मले द्या. मी नेते."

डॉक्टर अनुराधा जरा गांगरल्या. मग त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"देता येईल, बाई. कागदपत्रं मी बघेन. पण एक सांगते. ही भिंत का बांधली गेली ते समजायचं तर पिशवी कापून, तिचे पातळ काप करून काचेखाली बघावे लागतील. मग तुम्हाला द्यायला काही उरणार नाही. अखंड हवी असेल तर आत्ताच घेऊन जा."

"अन् नाही कापली तर?"

"तर पुढची पिशवी आम्ही अंदाजाने करू."

"पुढची कोणाची? करुणाच्या पोरीची?"

"हो. तिच्यानंतर आणखी चौघांची."

चंद्रकलाबाईने डबी हातात घेतली. फार वेळ धरून ठेवली. झाकणावरून अंगठा फिरवला, पाण्यातलं ते पांढरं बिस्कीट एकदा उजेडाकडे धरून पाहिलं. श्रावणजींना वाटलं, आता ही उठेल आणि चालू लागेल, आणि कोणीही तिला अडवणार नाही.

"कापा," ती म्हणाली आणि डबी परत दिली. "पण नीट पाहा. घाई नका करू. थो लहानपणी पण लवकर सांगत नव्हता काही."

डॉक्टर आत गेल्या. चंद्रकलाबाईने डोळे पुसले नाहीत. पुसण्यासारखं काही बाहेर येऊ दिलं नव्हतं तिने. वॉर्डात भूपेंद्र शुद्धीवर आला होता. ती त्याच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली, आणि तिचा हात त्याच्या पोटाकडे गेला नाही. दुपारी जेवणाची ताटली आली. नर्स सुई भरत होती.

"किती वेळ थांबा लागते?" चंद्रकलाबाईने विचारलं.

"अर्धा तास, माय," भूपेंद्र म्हणाला.

"मंग टोचून घे." तिने स्टूल ओढलं. "मी बसली आहो."

दोघंही घड्याळाकडे बघत बसली. तिसरं स्टूल वॉर्डात नव्हतं. श्रावणजी दारात थोडं थांबले, मग हळूच निघाले.

सौंसरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक कापूसवाला बसला होता, कान मोकळे असलेला. श्रावणजींनी त्याला सात खोक्यांपासून सुरुवात करून सगळं रीतसर सांगितलं: मागची रांग, पेनाची नळी, अकरा दिवसांची शिशी. कापूसवाला मन लावून ऐकत होता, मध्ये मध्ये "बापरे" म्हणत होता. फुकट मिळतं ते चोरतो कोण, असं विचारून श्रावणजी नाट्यपूर्ण थांबले, तेवढ्यात सावनेर आलं आणि तो गाठोडं उचलून उतरून गेला.

बस सुटली. श्रावणजींनी जरा वेळ वाट पाहिली. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून, हलक्या आवाजात, त्यांनी उरलेला उलगडा शेवटपर्यंत सांगितला.